भागरताबाईचं हसू

डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षात माझं देवाशी बोलणं बंद झालं होतं. मुंबईच्या इस्पितळात आमच्या प्राध्यापक सरांच्या हाताखाली मी कर्करोगाचं संशोधन शिकत होते. गाठीचा तुकडा पातळ कापायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि रोग ओळखायचा. ओळखायला मी लवकर शिकले. पण ज्यांचा रोग मी ओळखला, त्यांतलं कुणी बरं होऊन घरी गेलेलं मला दिसेना. माणसं यायचीच फार उशिरा. मग हे शिकायचं तरी कशाला? हा प्रश्न घेऊनच मी सुटीत आमच्या गावी, नवेगाव बांधला आले. शिक्षण सोडायचं मनाशी ठरलं होतं, फक्त बाबांना सांगायचा धीर होत नव्हता. मुलीला डॉक्टर करायचं म्हणून त्यांनी सगळ्या भावकीशी वाकडं घेतलं होतं.

एका सकाळी आई मला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, देवीच्या ठाण्याला घेऊन गेली. ती हळदकुंकू वाहत होती आणि मी नुसतीच उभी होते. मागायला काही सुचेना. डोळे मात्र भरून आले. मनात म्हटलं, 'माय, माझ्याच्यानं हे ओढवत नाही. चालवायचं असेल तर आता तूच चालव.'

तेवढ्यात पाळीखाली एक डोंगा येऊन लागला. त्यातून मासोळ्यांची टोपली घेऊन एक बाई उतरली. भागरताबाई तिचं नाव, हे मागून कळलं.

"जावाचं होतं तिकडं, अन् वाऱ्यानं आणून टाकलं इकडं!" असं म्हणत ती वर आली आणि माझ्याकडे बघून थबकली. "काऊन वो पोरी, रडून राहिली? नवऱ्यानं टाकली का?"

"नवराच नाही माझा," मी म्हणाले.

"मंग तं हासाले पाहिजे तुनं!" आणि ती तोंड भरून खदखदून हसली. त्या हसण्यात तिच्या जिभेच्या कडेला मला एक पांढुरका डाग दिसला.

मी तिला तिथंच बसवलं आणि बोटानं चाचपून पाहिलं. डाग लहान होता, पण कडा टणक लागली. कर्करोगाचं इतकं सुरुवातीचं लक्षण मी आजवर पाहिलंच नव्हतं. मुंबईला चल म्हटलं, तर तिनं उडवूनच लावलं. "दुखत नाही, खुपत नाही, मंग डाक्टर कायले?"

संध्याकाळी मला घेऊन बाबा स्वतः तिच्या घरी गेले. "माही पोरगी येवढी शिकली ते कायले?" ते तिला म्हणाले. "चाल, मी बी येतो संग." त्यांचं ते बोलणं ऐकून, शिक्षण सोडण्याचा विषय माझ्या ओठांवरून जो मागे फिरला तो फिरलाच.

आम्ही तिघं गोंदियाहून मुंबईच्या गाडीत बसलो. शस्त्रक्रिया झाली आणि काढलेला तुकडा मीच पाहिला. रोग होता, पण चहूकडची कड स्वच्छ होती, म्हणजे रोग सगळा निघाला होता. खात्री होईना म्हणून मी पुनःपुन्हा पाहिलं. सरांनीही पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "जा, सांगा त्यांना." मी जिना धावत उतरले. वॉर्डाबाहेर बाबा बसले होते. त्यांना बघून मला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

भागरताबाईला बोलता यायला लागलं तेव्हा शब्द जरा बोबडे येत. तरी पहिलं बोलली ते हेच, "पेज पिऊन पिऊन जीव कंटाळला. भात दे, अन् मासोळी दे!" सगळा वॉर्ड हसला.

पुढं पुष्कळ रोगी आले. काही वाचले, बरेच गेले. पण मी पुन्हा देवीकडे हिशोब मागितला नाही. नीट बघायचं काम माझं, बाकीचं तिचं. एकदा मी भागरताबाईला म्हटलं, "देवीनं तुम्हाला त्या दिवशी माझ्याकडे धाडलं." ती जाळं विणत होती. मान वर न करताच म्हणाली, "माह्यासाठी कायले धाडलं असन? मी तं हासूनच राहिली होती. रडून तं तू राहिली होती."