घंटागाडीच्या यादीत जुने कपडे

मार्चमधला पहिला सोमवार, सकाळी सव्वाआठ. जागा: मुरबाड, आमच्या आळीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीसमोर. हजर: मी, माझी मोठी जाऊ, नगरपंचायतीचे स्वच्छता निरीक्षक, घंटागाडीचा ड्रायव्हर आणि आळीतल्या एकवीस घरांपैकी सोळा. उशिरा आलेली: बोहारीण. तिला मी बोलावलंच नव्हतं.

बचत गटाची सचिव म्हणून मी दोन वर्षं नगरपंचायतीत एकच पालुपद लावलं होतं. सुका कचरा म्हणजे फक्त कागद, बाटल्या आणि पत्रा नव्हे. बाकीचं सगळं आमच्या आळीमागच्या ओढ्यात जातं. मागच्या पावसाळ्यात साड्या आणि चादरी ओढ्यावरच्या रस्त्याखालच्या मोरीच्या पाइपात अडकल्या आणि ओढ्याचं पाणी जावेच्या स्वयंपाकघरात शिरलं. म्हणून मी पाच नव्या वस्तूंची यादी दिली: दुधाच्या पिशव्या, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, तुटक्या चपला, वायरी-चार्जर, जुने कपडे.

"ताई, एवढं ठेवायचं कुठं?" निरीक्षक म्हणाले.

"तुमच्या सुक्या कचऱ्याच्या शेडमध्ये. मी बघून आले. पत्र्याच्या बाजूची अर्धी जागा रिकामीच आहे."

त्यांनी हात टेकले. एक आळी, चार सोमवार, प्रत्येक वस्तूला वेगळं पोतं. जे पोतं रिकामं राहील किंवा घाण येईल, ती वस्तू यादीतून कटाप.

त्या सकाळी माझे पाय जमिनीवर नव्हते. पाच पोत्यांवर मी आदल्या दिवशीच ठळक अक्षरांत नावं घातली होती. घंटा वाजली आणि लोक खरोखर बाहेर आले! दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, घड्या घालून आल्या. गिरणीवाल्यांनी चौदा चार्जर आणले. "यातला एक चालतो, पण कुठला ते माहीत नाय," असं म्हणत सगळेच पोत्यात टाकले. चपलांचं पोतं पाच मिनिटांत अर्धं झालं. मी टिकमार्क करत सुटले होते.

मग जाऊ आली. हातात चार साड्या, एक परकर आणि भाच्याची पॅन्ट. कपडे तिने छातीशी धरून ठेवले आणि ड्रायव्हरला विचारलं, "काय देणार?"

"काय देणार म्हणजे?"

"अरे, साड्या आहेत चार. मोठा टोप नाय तर नाय, डबा तरी दे."

"काकू, ही नगरपंचायतीची गाडी. हिच्यात भांडी नाय."

"मग कपडे फुकट? नाय गो बाई!" मागच्या बायकांनीही आपापले कपडे काखेत घट्ट केले.

मला हसूही आलं आणि घामही फुटला. जुने कपडे द्यायचे तर बदल्यात भांडं घ्यायचं, ही आमच्याकडची जन्माची सवय, आणि मी आळीत वाटलेल्या सूचनापत्रात त्याबद्दल एक ओळ नव्हती.

तेवढ्यात कल्याणच्या जीपमधून उतरून बोहारीण आली. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, पाठीवर गाठोडं. पंचवीसेक वर्षं ती दर सोमवारी ह्या आळीत बसते. तिने पोत्यावरचं नाव ड्रायव्हरकडून वाचून घेतलं, टोपली खाली ठेवली आणि सरळ माझ्याकडे आली.

"ताई, ही गाडी दर सोमवारी येनार?"

"हो."

"कपडं नेनार?"

"हो."

"मग मी कुठं जाऊ? मला हा एकच धंदा येतो. तुमच्या लग्नातल्या शालूवर मीच टोप दिलाय तुमाला."

खरं होतं. त्याच टोपात माझ्या घरी रोज भात होतो. माझ्या वहीत पोती होती, सुतळी होती, ड्रायव्हरचा चहासुद्धा होता. ही बाई नव्हती.

मी काही बोलायच्या आत बायका तिच्याभोवती बसल्या आणि घासाघीस सुरू झाली. गाडीजवळ माझं कपड्यांचं पोतं रिकामं उभं. निरीक्षकांनी घड्याळ बघितलं. "कपडे राहू द्या, ताई. बाकीच्या चार वस्तू झकास चालल्यात."

राहू दिले असते तर तिचा धंदा वाचला असता, पण पावसाळ्यात पाइप पुन्हा तुंबला असता. मी तिच्या हातांकडे बघत राहिले. ती प्रत्येक कपडा उजेडाकडे ताणून धरायची, काठ बघायची, शिवण बघायची. जावेच्या तीन साड्या ठेवल्या. विरलेली चौथी, परकर आणि पॅन्ट परत ढकलली. "हे नाय चालत."

मी जावेला विचारलं, "हे आता कुठं टाकणार?"

"कुठं म्हणजे? मागं."

मागं म्हणजे ओढ्यात! पाइपात अडकतं ते बोहारणीने नाकारलेलंच. माझं पोतं तिच्या पुढ्यात नको होतं, तिच्या मागे हवं होतं. मी ते ओढत आणून तिच्या पाठीमागे उभं केलं.

"मावशी, तुम्ही नको म्हणाल ते ह्यात टाका."

ती संशयाने बघत राहिली. "आनि मी घेतलेलं?"

"ते तुमचं. गाडी त्याला हात लावणार नाही." मग ड्रायव्हरला सांगितलं, "अर्धा तास थांब."

"ताई, पुढच्या आळीत बोंब होईल."

"होऊ दे."

त्यानंतर काय वेग आला! नाकारलेलं ती मान न वळवता मागे फेकायची आणि ते बरोबर पोत्यात पडायचं. मध्येच मला दटावलं, "सुती येगळं ठेवा. ग्यारेजवाले पुसायला नेतात. नायलॉनला कोन विचारत नाय." निरीक्षक ते लिहून घेऊ लागले. जावेने परकर पोत्यात टाकला आणि विचारलं, "ह्याच्यावर चमचा तरी दे."

"आधी डबा घेतलास, आता चमचा. उद्या माझी टोपलीच माग!" बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या.

पावणेदहाला पोतं भरलं. तोंड मीच बांधलं. चौथ्या सोमवारी दोन पोती झाली, दोन्ही सुकी. कपडे यादीत राहिले, आणि गाडी हीच यादी घेऊन आणखी पाच आळ्यांत जाईल असं ठरलं. त्या दिवशी मी एसटी स्टँडवर एकटीने भज्यांची अख्खी प्लेट खाल्ली.

पण गाडी एखाद्या आळीत बोहारणीच्या आधी पोचली तर तिथले चांगले कपडेही पोत्यात जातील. म्हणून गाडीचे वार तिच्या फेरीवरून लावायचे, एवढं मी निरीक्षकांकडून कबूल करून घेतलं. तक्ता मी करायचा. तिची फेरी लिहिलेली कुठेच नाही, सगळी तिच्या डोक्यात. एका सोमवारी गिरणीच्या पायरीवर मी पेन घेऊन बसले.

"मंगळवारी?"

"टोकावडे, बाहेरगावी. बुधवारी तुमच्या शाळेमागची आळी."

असे गावातल्या चार आळ्यांचे वार भरले. राहिली पाचवी, बाजारपेठ.

"तिथं वार नाय. गाठोड्यात जागा उरली तर जाते."

"मावशी, गाडीला वार लागतो."

"मग गाडीला सांगा, थांब म्हनून."

ती टोपली उचलून गेली. पुढच्या सोमवारी ती आली की आधी हाच विषय काढायचा आहे. तक्त्यात बाजारपेठेपुढचा चौकोन अजून कोरा आहे, आणि एक तारखेपासून गाडी तिथे जाणार आहे.