नाराचं लोणचं

परवा ख्रिसमसच्या केकवर ब्रँडी ओतताना तो गोडसर, नाकात चढणारा वास आला आणि इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या आमच्या पहिल्या घरातली पंधरा-वीस वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. शेजारच्या जपानी आजी बरणी घेऊन आल्या होत्या आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई ती हुंगत होत्या. ना तेल, ना मोहरी, नुसत्या काळपट तपकिरी फोडी. "अगं, विचार तिला, यात काय घातलंय." आजींनी सरळ सांगितलं, काकडी तांदळाच्या दारूच्या चोथ्यात मुरवतात, हे त्यांच्या नाराचं लोणचं. नारा म्हणजे क्योटोच्याही आधीची जपानची राजधानी. मग त्या रंगातच आल्या. डोंगरांच्या कुशीतलं गाव, जुनी लाकडी देवळं, आवारात मोकळी हरणं, आणि ती बिस्किटासाठी वाकून नमस्कार करतात. मी मराठीत सांगत गेले. सासूबाईंची नजर बरणीवरून हलली नाही. "हे खाल्ल्यावर करत असतील." आजी पुढे म्हणाल्या, तिथल्या प्रचंड बुद्धमूर्तीचे डोळे रंगवून प्राणप्रतिष्ठा केली ती तुमच्याकडच्या भिक्षूने. "बघ, आता आपल्यालाही त्यात ओढलं," म्हणत सासूबाईंनी आजींकडे बघून गोड हसून मान डोलावली, आणि त्या गेल्यावर बरणी बागेतल्या शेडमध्ये नेऊन ठेवली. गेल्या वर्षी मी नाराला गेले. देवळाच्या दारात एक हरीण माझ्यासमोर आलं आणि खरोखर वाकलं. मी तिथूनच पुण्याला फोन लावला. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "आधी लोणचं खाल्लं होतंस का?"