भोगीची दवंडी

तंजावुरात भोगीला पहाटे घरातलं जुनंपानं दारासमोर जाळतात. चटया, केरसुण्या, फाटकी सुपं. पण गावात स्कूटरी वाढल्या तसे त्या जाळात टायर येऊ लागले, आणि काळ्या धुरानं माझ्या अम्माचा दमा उसळू लागला. एका वर्षी तर तिला भोगीच्या सकाळीच इस्पितळात न्यावं लागलं.

पुढच्या वर्षी नगरपालिकेनं नियम काढला: टायर, ट्यूब, प्लास्टिक जाळायचं नाही. भोगीच्या आदल्या दिवशी कर्णा बांधलेली ऑटो राजवाड्यामागच्या आमच्या जुन्या मराठी घरांच्या गल्लीत शिरली. दवंडीवाल्याचा घसा पार बसला होता. मी तेव्हा कॉलेजात, जिभेला हाड नाही म्हणून घरात प्रसिद्ध. ‘मी सांगते,’ म्हटलं आणि माइक घेतलाच.

तमिळ मजकूर वाचला. एकही दार उघडलं नाही. मग काय सुचलं कोण जाणे, घरच्या मराठीत सुरू झाले: ‘टायर जाळूं नका हो. तो धूर आमच्या अम्माच्या छातींत बसतो. चटया जाळा, केरसुण्या जाळा, टायर नको.’

सरकारी कर्ण्यातून मराठी! दारं धडाधड उघडली. ‘आणखी एकदां सांग ग,’ एक काकू म्हणाल्या. एकदा कशाला, तीनदा सांगितलं. माझ्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं. फक्त समोरच्या मामांनी मान फिरवली. स्कूटरचा जुना टायर त्यांनी पोरांसाठी भोगीला म्हणून जपून ठेवला होता. ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

पहाटे जाळाभोवती पोरांची ढोलकी वाजू लागली. अम्मा नेहमीप्रमाणे मागच्या खोलीत, दाराच्या फटीत ओला पंचा कोंबून बसलेली. मी बाहेर धावले. मामांच्या दारात चटया आणि मोडकी वेताची खुर्ची जळत होती. टायर पोरांनी ओढून नेऊ नये म्हणून मामा त्याच्यावरच ठाण मांडून बसले होते. पलीकडच्या गल्लीत कुणीतरी टायर पेटवलाच, पण वारा तिकडचा नव्हता.

मी अम्माला हाताला धरून बाहेर आणलं. नाकावरचा पदर तिनं जरा वेळानं काढला. मग शेजारच्या पोराच्या ढोलक्याकडे हात केला. ‘दे इकडे. किती वर्षं आंतूनच ऐकत्यें.’ ढोलकं घेऊन तिनं धाप लागेपर्यंत वाजवलं. तिची धाप पाहून मी पहिल्यांदाच घाबरले नाही.