कंसातलं माप

पहिल्या वर्षाची पोरं तिला मागून 'बाणबाई' म्हणत. समोर अर्थातच मॅडम! मापरेषेच्या टोकाचा बाण जरा जाडा झाला, की ही बया ड्रॉइंगच्या कागदावर लाल पेन्सिल ओढायची. "हा बाण आहे की बटाटा?" इंजिनिअरिंग कॉलेजात तिने जन्मभर एकच गोष्ट शिकवली: आकृती कुणीही काढेल, तिला मापं देणं अवघड. शेजारच्याचं बघून उतरवलेला कागद तिला नुसत्या आकड्यांच्या वळणावरून कळे. संशय घेणं हा तिचा धंदाच म्हणा ना.

तिचे दोन नियम होते. पट्टीचे तीन तुकडे असतील, तर तिन्हींची मापं आणि वर पूर्ण लांबी, असं सगळं लिहायचं नाही. एक तुकडा मोकळा सोडायचा, बिनमापाचा. "कारखान्यात केसभर इकडचं तिकडे होणारच. ती चूक जिरायला कुठेतरी जागा नको?" आणि दुसरा, एकच माप दोनदा द्यायचं नाही.

"मॅडम, दोन्हीकडे सारखंच लिहिलं तर बिघडलं कुठे?" पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

"आज सारखं आहे गं. उद्या एक बदलशील, दुसरं बदलायला विसरशील. मग कारागिरानं कशावर विश्वास ठेवायचा? दोनदा द्यायचंच असेल तर कंसात दे. कंसातलं माप नुसतं वाचायचं असतं, त्यावरून काही कापायचं नसतं."

बोलता बोलता तिच्याच मनात पाल चुकचुकली. दोनदा सांगणारा एक माणूस तिच्या घरातच होता की!

नवरा तिचा नाकासमोर चालणारा. लेथवर आयुष्य काढून आता निवृत्त झालेला. संध्याकाळी फिरून आला की "आलो" एवढंच बोलायचा. कुठे गेला होतात म्हटलं तर "इथेच". इतकी वर्षं या 'इथेच'वर तिचं कधी काही अडलं नाही. पण अलीकडे स्वारी न विचारताच पाढा वाचायला लागली होती. "अगं, आधी कोपऱ्यावर चप्पल शिवायला थांबलो, मग बागेत बसलो, मग ब्रेड घेतला, तिथून तडक घरी." एकही तुकडा मोकळा नाही. हातपाय धुऊन आला की पुन्हा तेच, शब्दाला शब्द. एकदा बागेच्या आधी ब्रेड आला. आणि चप्पल? तिचा अंगठा तसाच लोंबत होता!

बहिणीनं फोनवर आगीत तेल ओतलं. "ताई, पाणी मुरतंय कुठेतरी. साधी माणसंच जास्त फसवतात बघ."

"काहीतरीच काय बोलतेस," असं म्हणून तिने फोन ठेवला, पण झोप उडाली. नवऱ्याचे खिसे तपासले, शर्टाचा वास घेतला, आणि स्वतःचीच किळस आली. या माणसाच्या भरवशावर तिने सगळा संसार उभा केला होता. तोच पोकळ निघाला, तर म्हातारपणी तिने कुणाकडे बघायचं? रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता.

दुसऱ्या दिवशी तास लवकर सोडून ती त्याच्या मागे निघाली. चांभारापाशी तो थांबला नाही. बागेकडे बघितलंही नाही. पूल ओलांडून तो एका गल्लीत वळला, आणि तिच्या काळजात चर्र झालं. ही गल्ली ओळखीची होती. लग्नानंतर त्यांनी पहिली खोली घेतली ती इथेच. म्हणजे प्रकरण जुनं आहे तर! तेव्हाच्या शेजारणी एकेक करून तिच्या डोळ्यांपुढून गेल्या.

तो नेमका त्यांच्याच जुन्या खोलीपाशी थांबला आणि कडी वाजवली. एका तरुण बाईनं दार उघडलं. हसली काय, आतून पाणी काय आणलं! आणि हा घरचाच असल्यासारखा पायरीवर बसला. हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तरातरा रस्ता ओलांडून गेली.

"कोण गं तू? आणि हे इथे कशाला येतात?"

ती बाई क्षणभर बघतच राहिली. मग तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "तुम्ही काकू ना? बरं झालं आलात. आम्ही भाड्याने राहतो इथे. काका रोज येतात. 'आमची ही आली का कॉलेजातून?' असं विचारतात. नाही म्हटलं की बसतात वाट बघत. मग एकदम आठवतं त्यांना, घर बदलल्याचं. इतके ओशाळतात हो! तुमचा फोन नंबर मागितला तर देत नाहीत. जाताना पाठ करत बसतात, चप्पल, बाग, ब्रेड. म्हणतात, हिला कळता कामा नये, ही फार बारीक बघते."

तिला कुठे तोंड लपवू असं झालं. एवढ्यात त्याने मान वर केली, आणि त्याचा चेहरा असा उजळला, की तिला तो बघवेना.

"आलीस? किती उशीर गं!"

"झाला खरा उशीर," ती म्हणाली. "चला."

त्याचा हात धरून तिने त्याला पुलावरून आणलं. वाटेत ब्रेड घेतला. घरी आल्यावर तो खुर्चीत टेकला, तिच्याकडे चोरून बघत त्याने घसा खाकरला. "अगं, आधी कोपऱ्यावर चप्पल शिवायला थांबलो, मग बागेत बसलो, मग ब्रेड घेतला, तिथून तडक घरी."

त्या सगळ्यात ती कुठेच नव्हती. पायरी नव्हती, पूल नव्हता, तिचा हात नव्हता. लोंबणाऱ्या अंगठ्याकडे तिने बघितलं नाही.

"बरं," ती म्हणाली.

हातपाय धुऊन तो परत आला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला. तिने हातातलं काम खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं विचारलं, "बागेत गर्दी होती का हो?"