उसन्या जाकिटातला फोटो

पंधरा वर्षं मी हायस्कूलात इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत होते, आणि टीव्हीवाल्याला फोटो कुठला द्यावा एवढी अक्कल मला नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला शहाणी समजायला नको.

आमचं घर मारुंजीत. शेजारी हिंजवडीला आयटी पार्क आलं, त्यामागोमाग सोसायट्या उठल्या, आणि सोसायट्यांना पाणी नाही. माझा धाकटा भाऊ टँकर चालवायला लागला. मग एका एजंटानं त्याला कुवेतचं सुचवलं. तिथंही टँकरच. "आक्का, हितं पाणी, तितं बी पाणी. फरक काय?" असं म्हणून हसत हसत गेला. बगदाद पडल्यावर वर्षभरात त्याची कंपनी त्याला सरहद्दीपलीकडं धाडू लागली. इराकात अमेरिकेची छावणी होती, तिला पाणी पोचवायचं. हे त्यानं फोनवर मला सांगितलं आणि आईला सांगू नको म्हणाला. पण आमच्या घरात लपतंय कुठलं!

आईनं गावभर केलं. "माझा धाकटा मिलिटरीत हाय. अमेरिकेच्या." आमच्या मावळात लष्कराच्या दारातून आत गेला तो मिलिटरीतला, मग तो आत हमाली करो नाहीतर कांदे चिरो. लग्नं जमतात त्यावर. मी दोनदा टोकलं, आई, तो ड्रायव्हर आहे. तर म्हणाली, "भावाचं चांगलं बघवत न्हाई व्हय तुला?" त्यानंतर मी तोंडाला कुलूप लावलं. सत्तरीकडं झुकलेल्या बाईचा तेवढाच आनंद, राहू दे, असं वाटलं.

त्यात भर म्हणून त्यानं फोटो पाठवला. जीपला टेकून उभा, अंगात अमेरिकन सैनिकाचं चट्ट्यापट्ट्यांचं जाकीट, काखेत हेल्मेट, आणि चेहऱ्यावर तेच ते टँकरवाल्याचं हसू. फोटोच्या पाठीमागं पेनानं लिहिलेलं: "आईसाठी. जाकीट उसनं हाय." आईला वाचता येत नाही. मी मागची बाजू वाचून दाखवली नाही, फोटो नीट काचेच्या फ्रेममध्ये घातला आणि ओट्यावरच्या भिंतीला लावला. येणारा-जाणारा बघून जायचा.

मग तो फोन आला. कंपनीच्या कचेरीतून कुणी हिंदीत बोलत होता. तीन टँकर रस्त्यात अडवले, तिन्ही ड्रायव्हर उचलून नेले, तुमचा माणूस त्यांत आहे. उचलणाऱ्यांचं म्हणणं, कंपनीनं छावणीला पाणी देणं बंद करावं, नाहीतर माणसं मारू. आई देवापुढं बसली होती, तिला सांगायला मला अर्धा तास लागला.

दुपारपर्यंत टीव्हीवाला दारात. फोटो द्या म्हणाला, चेहरा स्पष्ट हवा. माझ्याकडं त्याचा पासपोर्टचा फोटो होता, साधा शर्ट, दाढी वाढलेली, घाबरल्यासारखा चेहरा. तोच पुढं केला मी. आईनं तो माझ्या हातातून हिसकावला. "निव्वळ तोंडाचा फोटो मेलेल्याचा आसतो. पेपरात श्रद्धांजलीला येतो तसला. त्यो द्यायचा न्हाई!" आणि तिनं भिंतीकडं बोट केलं. कॅमेरा वळला.

मी नको म्हणू शकत होते. पण म्हटलं नाही. खरं सांगू? मलाही त्या पासपोर्टच्या फोटोची भीती वाटली. बी.ए. बी.एड. झालेली बाई, पण त्या घटकेला आईइतकीच अडाणी.

रात्रीच्या आत तो फोटो सगळ्या चॅनलवर. आमच्या पुढच्या खोलीत एक म्हातारे शिंपी भाड्यानं राहायचे, लातूरकडचे, त्यांना सगळे चाचा म्हणायचे. ते शिलाईचं काम टाकून धावत आले. "बाई, ह्यो फोटो बंद करायला सांगा. ते लोकबी टीव्ही बघत असतील. त्यांना काय वाटंल? शिपाई वाटंल!"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि पाचावर धारण बसली. मी चॅनलला फोनवर फोन केले. त्यांनी दुसऱ्या दिवशी फोटो दाखवणं बंद केलं, तोवर तो जगभर गेलेला.

त्याच आठवड्यात वर्गात अठराशे सत्तावन्नचा धडा चालू होता. दरवर्षी मी तो तावातावानं शिकवायचे. साहेबाच्या फौजेला रसद पोचवणारे, बैल देणारे, पाणी वाहणारे आपलेच लोक, त्यांच्यावर काय तोंडसुख घेत असे मी! आईचे वडील तर मुळशीच्या धरणाविरुद्ध बसून इंग्रजांच्या तुरुंगात गेलेले, त्याचा आम्हांला केवढा अभिमान. त्या दिवशी खडू हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. परक्या फौजेला पाणी पोचवणारा आता माझा भाऊ होता. त्याला धरून ठेवणारे त्यांच्या पुस्तकात कोण ठरतील, हे मला चांगलं माहीत होतं. आणि माहीत असूनही मी त्यांना तळतळून शिव्या देत होते. पुढचा धडा संयुक्त राष्ट्रांचा. राष्ट्राराष्ट्रांतले वाद शांततेनं सोडवणे. डोंबल! टँकरच्या ड्रायव्हरचा वाद कुठल्या राष्ट्रानं सोडवायचा?

पौडला तहसीलदारांकडं गेले, पुण्यात कलेक्टर कचेरीत गेले. सगळीकडं एकच उत्तर, दिल्लीत बोलणी चालू आहेत, तुम्ही धीर धरा. चाचांनी मात्र खटपट केली. ओळखीच्या एका मौलानांकडून अरबीत विनंतीचं पत्र लिहून आणलं, टीव्हीवर दाखवायला. सुरुवात अर्थातच त्यांच्या अल्लाच्या नावानं. आमचे चुलते भडकले. आपल्या घरातून असलं पत्र जाणार नाही, आणि ह्या शिंप्याचेच तर लोक आहेत ते, म्हणाले. चाचा पत्राचा कागद घडी करत राहिले. आई उठली. "ज्या देवाचं नाव लिवून पोरगं येत आसंल, त्या देवाचं लिवा. माझ्या देवाला राग आला तर मी बघीन त्येचं."

आणि मग ती कॅमेऱ्यापुढं बसली. अंगणात अख्खं गाव जमलेलं, ज्यांच्यापुढं तिनं मिरवलं ते सगळे. पदर डोक्यावर घेऊन म्हणाली, "माझा ल्योक मिलिटरीत न्हाई. टँकर चालवतो. मी गावाला खोटं सांगितलं. माझी चूक हाय, त्येला सोडा." एवढं बोलून ती उठली, आणि दोन दिवस पाण्याच्या घोटाला शिवली नाही. तोही तिथं तहानलेला असंल, म्हणायची.

तेराव्या दिवशी दोन ड्रायव्हर सुटले. धाकटा नव्हता त्यांत. त्याचं काय झालं हे कुणी सांगेना. ना प्रेत, ना कागद. कंपनीचा फोन लागेनासा झाला, टीव्हीवाले दुसऱ्या बातमीकडं गेले.

सहा महिन्यांनी सुटलेल्यांपैकी एक जण सोलापूरकडून आमचं घर शोधत आला. आई आत स्वयंपाकघरात होती. ओट्यावर चढला आणि भिंतीकडं बघून थबकला. "हाच," म्हणाला. मी विचारलं, काय हाच?

तो हळू आवाजात सांगू लागला. आधी तिघांनाही सारखंच वागवत होते. ड्रायव्हर आहोत म्हटलं, तर पटलं होतं त्यांना. मग एक दिवस कुणीतरी छापलेला कागद घेऊन आला, त्यावर हा फोटो. तुमच्या भावाला वेगळं काढलं. "तो रडत एकच सांगत होता, ताई. फोटोच्या मागं बघा. मागं लिहिलंय. कागद उलटा करून दाखवत होता त्यांना. मागं कोरं होतं सगळं. मागं काय होतं हो?"

मी मागं वळले. दारात आई उभी होती, पिठाचे हात तसेच. किती ऐकलं होतं देव जाणे.

पाहुणा गेल्यावर ती म्हणाली, "काढ त्यो फोटो. मागं काय लिवलंय ते वाच."

मी स्टुलावर चढून फ्रेम उतरवली, मागचे खिळे वाकवले, पुठ्ठा काढला. त्याचं अक्षर तसंच होतं, जरा तिरकं. आई माझ्या तोंडाकडं बघत होती.

"आईसाठी," मी वाचलं.

"आन् फुडं?"

"एवढंच आहे," म्हणाले, आणि पुठ्ठा पुन्हा लावून टाकला.