कात्रीमावशीची कळ

तुम्ही दिवसभर नेमकं कशावर बसता, छातीवर हात ठेवून सांगता येईल? नाही ना? मग कात्रीमावशीला हसू नका.

शर्टांच्या कारखान्यात मावशी बावीस वर्षं कॉलर शिवत होती. कॉलर म्हणजे शर्टाचं नाक, ते काम ऐऱ्यागैऱ्याला देत नाहीत. पण गेले तीन महिने उजव्या कुल्ल्यातून अशी कळ उठायची, की घोट्यापर्यंत नुसती वीज. कंबरेचा फोटो काढला, साफ निघाला. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, शेजारणीचं तेल झालं, पण सायटिका काही हलेना. "वय झालं" म्हणणारे तर पैशाला पासरी. अरे, वय काय एकट्या उजव्या पायाचं झालं? डावा त्याच दिवशी जन्मला होता की.

शेवटी मुकादमाने सुनावलं, "मावशी, सोमवारपासून धड बसता येत नसेल तर बटणं मोजायला जा. कॉलर दुसरीला देतो."

बटणं! मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुनेने त्याच संध्याकाळी तिला व्यायामाच्या डॉक्टरणीकडे ओढत नेलं. डॉक्टरणीने कुल्ल्यात अंगठा दाबला, तशी मावशी वीतभर उडाली.

"कामावर कशा बसता, दाखवा बरं."

मावशी स्टुलावर टेकली आणि लगेच उठली. "असं नाही जमत." तिने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली भलीमोठी लोखंडी कात्री काढली, उजव्या कुल्ल्याखाली सारली आणि ऐटीत बसली. "हां, आता बघा."

"हे रोज?"

"मग? टेबलावर ठेवली की बाया तिने कागद कापतात. धार मरते."

"आठ तास?"

"जेवायला उठते की."

सून भिंतीकडे तोंड करून गदागदा हसत होती. "अहो आई, आम्ही तेल चोळतोय आणि तुम्ही दुखणं उबवताय."

डॉक्टरणीने मात्र विचारलं, "बावीस वर्षं नाही दुखलं, मग आत्ताच का?"

मावशी मांडीवर थाप मारून म्हणाली, "गाद्या! पूर्वी स्टुलांना गाद्या होत्या, कात्री त्यात रुतायची. तीन महिन्यांपूर्वी मालकाने गाद्या काढल्या, नुसती फळी ठेवली."

"मग कात्री फळीवर, नस कात्रीवर आणि तुम्ही नसेवर," डॉक्टरीण म्हणाली. तिने तीन आठवड्यांचा व्यायाम आणि गादीची चिठ्ठी लिहून दिली.

सोमवारी मावशी कात्री नाडीने गळ्यात अडकवून आली. मुकादम म्हणाला, "हे काय, पदक मिळालं?"

"हो. बावीस वर्षं मी तिच्यावर बसले, आता ती माझ्यावर बसेल." मावशीने चिठ्ठी टेबलावर आपटली, मुकादमाच्या खुर्चीतली गादी उपसली आणि आपल्या स्टुलावर टाकली. मुकादमाने तोंड उघडलं, पण अख्खी रांग मशीन थांबवून त्याच्याकडे बघत होती, तेव्हा त्याने ते मिटलं. कळ पुरती जायला महिना लागला. कॉलर मात्र मावशीकडेच राहिली, आणि आठवडाभरात साऱ्या स्टुलांना गाद्या आल्या.

आता तुम्ही एक करा. वाचन थांबवा, उठा आणि आपल्या बुडाखाली काय आहे ते बघा.