दुखणं लपवून गेली आत्या

शेवटची भेट झाली तेव्हा आत्याने पहिला प्रश्न विचारला तो माझ्या पोटाचा. ‘विमानात काय खाल्लंस? पोट ठीक आहे ना?’ हाताला सलाईन, गालफडं बसलेली, चादरीखाली माणूस आहे की नाही कळू नये इतकी ती वाळली होती. अमेरिकेतलं वर्ष संपवून मी परतले, तेव्हा पप्पांनी मला विमानतळावरून थेट इस्पितळात आणलं होतं. म्हटलं, ‘आत्या, हे कधीपासून?’ ती म्हणाली, ‘तू आधी बस. दमलीस.’ याच्यापलीकडे तिने मला काही सांगितलं नाही. त्याच आठवड्यात ती गेली. मोठ्या आतड्याचा कर्करोग, पार पसरलेला.

आता महिना उलटून गेलाय. लोक म्हणतात, रडून घे. पण मला रडू येत नाही, राग येतो…

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. मी लहान असताना आई गेली, आणि विश्रांतवाडीच्या आमच्या घरात मला वाढवलं ते आत्याने. तिने लग्न केलं नाही. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या बायका असायच्या, त्यांतली एक. तिकडून माणूस कितीही ओरडला तरी हिचा आवाज एका पट्टीत. पुढे नवी यंत्रं आली, घरोघरी फोन झाले, ऑपरेटर नकोशा झाल्या, तेव्हा ती मुदतीआधीच निवृत्त झाली आणि आळीतल्या सगळ्यांच्या पोटांकडे वळली. कुणाला जुलाब लागले की निरोप आमच्याकडे यायचा. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, त्यात साखर सहा चमचे आणि मीठ अर्धा चमचा. ‘चमचा सपाट! शीग लावायला हा काही पेढ्यांचा हिशेब नाही,’ हे वर. मग मऊ भाताची पेज, भाजलेल्या जिऱ्याचं पातळ ताक, उकडलेलं कच्चं केळं. मोठ्या माणसाला जायफळाचे दोन वेढे उगाळून. ‘जुलाब थांबवायची घाई नको, पाणी भरून काढायची घाई करा,’ असं ती बायकांना बजावायची.

पण तिचा एक दंडक होता. रक्त दिसलं, ताप चढला, लघवी कमी झाली, किंवा दोन दिवसांत उतार पडला नाही, की दवाखाना. शेजारच्या काकू नातवाला एकदा तिसऱ्या दिवशी घेऊन आल्या, तेव्हा आत्याने त्यांना दारातच अडवलं. ‘अहो, मी पेज करते, चमत्कार करत नाही. रिक्षा बोलवा.’ काकू रुसल्या. मूल वाचलं. मला या बाईचा केवढा अभिमान होता, काय सांगू!

खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या त्या सुरुवातीच्या काळातच मला तिथे नोकरी लागली. कॅन्टीनचं तेलकट खाऊन माझं पोट वरचेवर बिघडायचं, आणि घरी आले की आत्याचं सुरू व्हायचं : ‘पोट तुझं आहे, कंपनीचं नाही.’ मग कंपनीने मला वर्षभरासाठी अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. आमच्या घरातलं कुणी विमानात बसलं नव्हतं. आत्याने पेढे वाटले. त्या दिवसांत ती उतरली होती, हे मला दिसलं होतं. मी विचारलंही होतं. ‘वय झालं की कपडे सैल होतात,’ ती म्हणाली.

दर रविवारी मी फोन करायचे. कार्ड विकत घ्यायचं, त्याच्यावरचा लांबलचक आकडा दाबायचा, मग पलीकडे तो एका पट्टीतला आवाज. तिकडे एकदा माझं पोट फार बिघडलं. आत्याने फोनवरून सगळं करून घेतलं. ‘तांदूळ मिळतो ना तिकडे? धू. पाणी जास्त घाल. अजून. आता मीठ.’ मी पेज ढवळत होते आणि ती पलीकडून ऐकत होती. मध्येच म्हणाली, ‘जरा थांब हं, दार वाजतंय.’ बराच वेळ फोन नुसता धरून होते. परत आली आणि विचारलं, ‘उकळी आली का?’

दार वाजलं नव्हतं. हे मला पप्पांनी नंतर सांगितलं, इस्पितळाच्या व्हरांड्यात. ती संडासात गेली होती. रक्त तर मी जायच्या आधीपासून पडत होतं. मी निघाल्यावर पप्पांच्या लक्षात आलं, तेव्हा तिने त्यांना आपली शपथ घातली. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या, त्या तिने पुढे ढकलल्या. जेवण सोडून पेजेवर राहिली. ज्या दंडकासाठी दुसऱ्यांना दारातून परत पाठवायची, तो तिने स्वतःपुरता मोडला.

‘पप्पा, तुम्ही मला एक फोन करायचा होता.’

‘ती म्हणाली, पोरीला कळलं तर सगळं टाकून येईल. पहिली संधी आहे तिची.’

‘मला विचारलंत, मला कुठली संधी हवी होती ते?’



ती गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आळी लोटली होती. वंदना झाली आणि एकेक जण उठून बोलायला लागला. कुणाचं मूल तिने वाचवलं, कुणाच्या सासूचा जुनाट आजार ओळखून वेळेवर दवाखान्यात धाडलं. शेजारच्या काकू रडत म्हणाल्या, ‘ताई कधी खोटं बोलल्या नाहीत हो.’ मी उठून आत गेले. माझ्याशी ती दर रविवारी खोटं बोलत होती, तेही कसलेल्या आवाजात. त्यागबिग म्हणतात लोक. माझ्या हातून तिचं करायचं राहून गेलं असतं तर तो माझा दोष असता. इथे मला करूच दिलं नाही. हे मी तिला कधी माफ करेन, माहीत नाही…

गेल्या आठवड्यात पप्पांचं पोट बिघडलं. सकाळपासून चार खेपा. मी विचारलं, ‘रक्त आहे?’ ‘नाही गं.’ ‘खरं सांगा.’ ‘नाही म्हटलं ना.’ मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग रिक्षा बोलावली. डॉक्टर तपासून हसले. म्हणाले, ‘साधं बिघडलंय. पेजपाणी द्या. एवढ्यासाठी कशाला आणलंत? घरीच झालं असतं की.’

म्हटलं, ‘घरचं आम्हाला सगळं येतं, डॉक्टर. म्हणूनच आणलं.’

घरी आलो. मी तांदूळ धुवायला घेतले. पप्पा आपल्या खोलीत न जाता मागच्या अडगळीच्या खोलीत गेले. मी नव्हते तेव्हा आत्याने आपली खाट तिथे हलवून घेतली होती. ती अजून तिथेच आहे, आम्ही दोघांनीही हलवलेली नाही. पेज घेऊन गेले तर पप्पा त्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला बघून ओशाळले.

म्हणाले, ‘इथून संडास जवळ पडतो.’